पल्याडून आलेला दगड

जे सांगायचे ते आधीच सांगून टाकतो. माझ्या पत्नीचा, रत्नाचा, डावा डोळा ज्या दगडाने गेला तो दगड मी मारला होता. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, आखाजीच्या दिवशी, पांझरेच्या काठावरून. ही गोष्ट मी तिच्यापासून आमचा सारा संसार होईपर्यंत लपवली. त्याहून वाईट म्हणजे त्या दगडाचे पाप दुसऱ्या एका बाईने आपले समजून वाहिले, आणि मी ते तिला वाहू दिले. आता ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सांगून झाले आहे. म्हणूनच हे कागदावर उतरवण्याचा थोडाफार अधिकार मला मिळाला, असे मी समजतो.

खानदेशात वैशाख येतो तो अंगावर धावून येतो. जळगावात सकाळीच खिडकीच्या गजांना हात लावता येत नाही. दुपारी रस्त्यावर जो कोणी दिसतो तो डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळून असा निघालेला असतो की, चोर कोण आणि सज्जन कोण, हे कळू नये. कोरडा वारा दारे आपटतो, पत्रे उचकटतो, वाळत घातलेली लुगडी दोरीवरून ओढून नेतो. कावळ्यांच्या चोची उघड्या राहतात. शेजारपाजारी माणसे एकमेकांवर विनाकारण खेकसतात आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यावर एकत्र बसतात. या ऋतूत माणसांच्या रागाला कोणी फारसे मनावर घेत नाही. ऊन बोलले, असे म्हणून सोडून देतात. मी मात्र कधी कोणावर खेकसत नाही. माझा आवाज लहानपणापासून खालच्या पट्टीतला. दवाखान्याच्या खिडकीतून औषधाच्या पुड्या देता देता तो आणखी खाली गेला. माझ्या या मवाळपणाची लोकांनी आयुष्यभर तारीफ केली. ती ऐकताना दरवेळी माझ्या उजव्या खांद्यात एक जुनी कळ उठे. तिला वैद्यकात नाव नाही.

याच दिवसांत यावलकडे वादळ येते. आम्ही तिथे बरीच वर्षे होतो. दुपार कलते, सातपुड्याच्या अंगाने आभाळ शाईसारखे होते, आणि मग जे येते त्याला वारा म्हणवत नाही. पहिले वादळ झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रत्ना ओळखीच्या एका बागेत गेलो होतो. घड लागलेल्या केळी कंबरेत मोडून पडल्या होत्या, ओळीच्या ओळी, सगळ्या एकाच दिशेला. मोडलेल्या खांबांतून चीक गळत होता. केळीचा चीक कपड्यावर पडला की आधी काही दिसत नाही, वाळला की काळा डाग उमटतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. बागेची मालकीण बांधावर उभी राहून वाऱ्याला त्याच्या आई-बहिणीवरून शिव्या घालत होती. रत्ना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही दोन सणसणीत शिव्या आभाळाकडे भिरकावल्या. मग दोघी हसल्या. मी चिकाने भरलेले हात कुठे पुसावेत ते न कळून तसाच उभा राहिलो. त्या दिवशी सांगून टाकावे असे फार वाटले होते. सांगितले नाही.

मी गडहिंग्लजकडचा. नोकरी लागली ती धुळ्याच्या पुढे, पांझरेकाठच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात, औषधे देण्याची. एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि सोबत आणलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, होता. तो गूळ प्रवासातल्या उन्हानेच पातळ झाला होता. दवाखान्याजवळच एका घराच्या ओसरीलगतची खोली मला भाड्याने मिळाली. घरात अक्का, त्यांचे यजमान आणि मुलगी सिंधू. सिंधू माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिल्या रात्री ती कळण्याची, म्हणजे उडीद-ज्वारीची, भाकरी, ठेचा आणि तेल घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तिखट शे. रडशात ते आवाज करू नका, अक्काले वाईट वाटस." मी रडलो, तेही आवाज न करता. परक्या मुलखात मला भाऊ म्हणणारे पहिले माणूस ते. पुढे जे झाले ते वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

दवाखान्यातले रोगी मला 'कोल्हापूरचा पैलवान' म्हणत, कारण माझ्या अंगावर मांस म्हणून नव्हते. पावसाळ्यानंतर एका गड्याला बैलाने शिंग मारले. त्याला खाटेवरून आणले, डॉक्टरांनी वरचे धोतर बाजूला केले आणि आत जे दिसले ते पाहून मी जिथे होतो तिथेच आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा शिंग लागलेला गडीच माझ्याकडे मान वळवून विचारत होता, "पैलवान, बरं शे ना?" ही हकीकत दिवेलागणीच्या आत नदी ओलांडून पल्याडच्या गावात पोचली होती.

पांझरेच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर. शाळा आमच्या काठावर, बाजार पल्याडच्या. लेकी इकडून तिकडे दिल्या जात, तिकडून इकडे. वर्षभर सगळा व्यवहार सलोख्याचा. फक्त आखाजीला दोन्ही गावांचे भांडण होई आणि ते केवळ बायकांचे असे. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, आणि पुरुष झाडाखाली उघडपणे पत्ते कुटतात, कारण त्या एका दिवशी जुगाराला कोणी नावे ठेवत नाही. उन्हे कलली की बायका गौराईला बोळवायला नदीवर जातात. दोन्ही काठांवर दोन गावांच्या बायका उभ्या राहिल्या की प्रथम शिव्या सुरू होतात, मग ढेकळे, मग दगड. याला 'बार' खेळणे म्हणतात. आता तो बंद झाला आहे. त्या वर्षी मी तो पहिल्यांदाच पाहणार होतो.

सकाळी दवाखान्यात मी कापूस, टिंक्चर आणि पट्ट्या मोजून बाहेर काढून ठेवत होतो, तेव्हा अक्का मला समजावत होत्या, "आखाजीनी शिवी आंगले लागत नही, भाऊ. आनि दगड पायले मारतस. पायले लागना ते लागना. डोकाले कोणीच मारत नही. सकाय व्हयनी का बठ्ठ्या बहिणी." सकाळ झाली की सगळ्या पुन्हा बहिणी, एवढे कळले; मी विचारले, पुरुष? अक्कांनी हातानेच झटकले. पुरुषांनी काठाच्या मागे राहायचे. त्या भांडणात पुरुषाने हात घातला तर ते भांडण राहत नाही, मारामारी होते.

मी काठाच्या मागेच होतो. दवाखान्याच्या कुंपणापाशी, उंचवट्यावर, एकटा. गावातले पुरुष दूर वडाखाली पत्त्यांत गुंतले होते. पात्र कोरडे होते, मधे एका डबक्यापुरते पाणी. वाळू इतकी तापलेली की तिच्यावरची हवा हलत होती आणि पल्याडच्या बायका त्या हवेत लवलवताना दिसत होत्या. मी शिव्या ऐकत होतो. त्या ऐकून प्रथम दचकलो, मग हसलो, मग मला त्यांची नशा चढू लागली. सभ्य घरांतल्या, एरवी पदर कपाळावर ओढणाऱ्या बाया छातीच्या जोरावर ओरडत होत्या.

"आय वं पल्याडनी, तुना दाल्ला चूल फुकस नि तू मिशा पिळस!"

"मना दाल्ला चूल तरी फुकस! तुना ते नुसता राख खास!"

दाल्ला म्हणजे नवरा, एवढे मला तोवर कळू लागले होते. दोन्ही काठ हसत आणि हसता हसता दगड उचलत. वाळूवर दगड पडण्याचा आवाज बसका असतो. दगडावर दगड आपटला की कवटी फुटल्यासारखा येतो. एकीच्या घोट्याला लागला, ती खाली बसली, कळवळली आणि उठून दुप्पट जोराने फेकू लागली. सिंधू आमच्या बाजूला सगळ्यांत पुढे होती. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. तिच्या बरोब्बर समोर पल्याडची एक सडसडीत मुलगी होती. दोघी शाळेतल्या जिवलग मैत्रिणी, हे मला नंतर कळले. ती मुलगी दोन्ही हात तोंडाशी धरून माझ्या बाजूला पाहून ओरडली, "तुमना दवाखानाना पैलवान व! रगत देखताच आडवा पडस! त्याले बांगड्या भरा नि आठे धाडी द्या!"

दोन्ही काठ एकदम हसले. सिंधूही हसली, वळून माझ्याकडे पाहून.

इथे मला सावकाश लिहायला हवे, कारण इतकी वर्षे मी या जागी स्वतःशीही खोटे बोललो आहे. मी स्वतःला सांगत आलो की गर्दीच्या भरात, खेळ समजून, नकळत हात उठला. तसे नव्हते. मला राग आला होता. वर्षभर परका म्हणून गिळलेले सगळे, ती न कळणारी बोली, तो 'पैलवान', सणासुदीला दुसऱ्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्याच्या घरचे खाणे, ते सगळे त्या एका हशाने वर आले. मला त्या मुलीला गप्प करायचे होते. मी खाली वाकलो. पायाशी कुंपणाचा सुटलेला दगड होता, एका बाजूने धारदार. मी तो निवडला. शेजारी दुसराही होता, गुळगुळीत, तो मी घेतला नाही. मळ्यात माकडे हाकलताना गोफणीशिवाय दगड लांब कसा फेकायचा हे मला लहानपणापासून येत होते. मी उंचवट्यावरून, बायकांच्या डोक्यांवरून, तिच्या तोंडाचा नेम धरला.

त्याच क्षणी सिंधूनेही हात फिरवला होता. तिचा दगड समोरच्या मुलीच्या पायाशी वाळूत पडला, हे मला वरून दिसले.

पल्याडची मुलगी मागे पडली नाही. ती आधी गुडघ्यांवर बसली, मग तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि बोटांच्या फटींतून रक्त आले. सगळ्या शिव्या एकदम थांबल्या. त्या शांततेत सिंधूचा आवाज फाटला. "रत्ने! मी पायले मारेल व्हता वं! पायलेच मारेल व्हता!" आणि ती वाळूतून धावत सुटली.

मीही धावलो. माझ्या हातात पट्ट्यांची पेटी होती. ती मी केव्हा उचलली ते आठवत नाही. मी त्या मुलीचे डोके मांडीवर घेतले, कापसाची घडी डोळ्यावर दाबली, माझ्या हाताखाली काहीतरी मऊ आणि गरम होते. तिने माझे मनगट घट्ट धरले आणि दातांवर दात ठेवून विचारले, "कोण शे?"

"मी. दवाखान्यातला."

तिने मनगट सोडले नाही. मग कण्हत म्हणाली, "आते आडवा पडजो नको, पैलवान."

माणसाला प्रेम कोणत्या क्षणी झाले, हे कधी कळत नाही, असे म्हणतात. मला ते कळले आहे. आणि मला ते कळले तेव्हा माझ्या तळव्याखाली तिचा फुटलेला डोळा होता.

धुळ्याला नेईपर्यंत जीपमध्ये तिचे डोके मी तसेच धरून होतो. डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले. डोळा जागेवर राहिला, नजर राहिली नाही. उजेड कळतो, माणूस कळत नाही. जखम शिवताना वाटी मी धरली होती आणि त्या दिवशी मी आडवा पडलो नाही. परतल्यावर रत्नाचे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ओल्या डोळ्यांनी माझ्या हातांना धरून म्हणाले, "कंपाउंडर, तुमीन देवमाणूस शेतस." मी हात सोडवून घेतले नाहीत.

रात्री खोलीवर आलो तो अक्कांच्या अंगणात माणसे जमली होती. मग ती पांगली आणि घराचे दार आतून लागले. सिंधूच्या वडिलांनी बैलाचा दोर काढला होता. माझी खोली आणि त्यांचे माजघर यांत एकच भिंत. मला फटके ऐकू येत होते. दोर ओला करून मारला की त्याचा आवाज निराळा येतो. सिंधू रडत नव्हती. ती दर फटक्याला एवढेच म्हणे, "मी पायले मारेल व्हता, आबा." मग ती तेही म्हणेनाशी झाली. मग म्हणाली, "मीच मारेल व्हई." मारता मारता तिच्याकडून कबुली घेतली गेली, आणि तिने ती स्वतःही खरी मानली. मी खाटेवर बसून होतो. दार उघडून चार पावले टाकली असती तर पुरे होते. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली.

रत्नावर मी दगड रागाने मारला. सिंधूला मी शांतपणे मारले. या दोहोंतला अधिक मोठा गुन्हा कोणता, हे मला कोणी सांगायला नको.

सिंधूचे लग्न पल्याडच्याच गावात, रत्नाच्या चुलतभावाशी ठरले होते. ते मोडले. मैत्रिणीचा डोळा फोडणारी सून त्यांना नको होती. पुढे तिला सुरतेला दिली, कापडाच्या गिरणीत कामाला असलेल्या एका माणसाला. नवरा भला निघाला, असे ऐकले. ती आखाजीला माहेरी येई, पण नदीकडे पाऊल टाकत नसे आणि आमरसाला शिवत नसे. सणाच्या दिवशी आंब्याचा वास घरभर असताना ती माजघरात बसून कोरडी भाकरी खाई. अक्का गेल्या, तेव्हाही ती बाराव्याच्या स्वयंपाकाला पुढे आली नाही, कारण वाढायला पल्याडच्या बायका होत्या.

आणि मी? मी रोज नदी ओलांडून पल्याडला रत्नाची पट्टी बदलायला जात होतो. एका डोळ्याने ती मला पाही आणि म्हणे, "तोंड फिरवून पट्टी बांधता. शिंगवाल्याला बघितलं तेव्हापासून का?" पट्टी सुटली तरी मी जात राहिलो. मग एक दिवस मी डॉक्टरांकरवी मागणी घातली. पोटजातीवरून दोन्हीकडे बरीच बोलाचाली झाली, माझे मामा गडहिंग्लजहून येऊन घर पाहून गेले, आणि लग्न झाले. लग्नात जो तो मला पाहून हात जोडत होता. अधू डोळ्याची मुलगी पदरात घेतली! गावोगाव माझे नाव निघाले. वरातीत मी मान खाली घालून चाललो, तोही माझा विनय ठरला.

मी तिच्याशी लग्न केले ते प्रेमाने की प्रायश्चित्ताने, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर दरवेळी निराळे आले. एवढे खात्रीने सांगतो, की घर म्हणजे काय ते मला तिच्यामुळे कळले. धुळ्याला बदली झाली तेव्हा देवपुरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. तिला डाव्या बाजूचे दिसत नसे. पहिल्या महिन्यात तिने चार कपबश्या आणि एक तेलाची बरणी फोडली. फुटलेल्या काचांत उभी राहून ती खो खो हसली आणि म्हणाली, "डाव्या बाजूला संसार मांडूच नका." मी मांडणी उजवीकडे हलवली. रस्त्याने मी तिच्या डाव्या बाजूने चालू लागलो. शेजारणी नवऱ्यांना माझे उदाहरण देत. तिची बोली मी ऐकून समजू लागलो, पण बोललो मात्र नाही कधी. मी बोललो की ती तोंडाला पदर लावून हसे. रात्री ती तिखट आमटीच्या वाटीत माझ्यासाठी आठवणीने गूळ टाके, माझ्या गावच्या चवीखातर. तिच्या हाताला मोजमाप नव्हते. आमटी कधी खीर होई. मी ती संपवत असे. मला तेव्हा असे वाटे की मी आता इथलाच आहे, या स्वयंपाकघराचा, या उष्ण भिंतींचा. आणि लगेच दुसरे वाटे, की ज्या मुलीने पहिल्या रात्री मला भाकरी आणून दिली तिची जागा मी हिसकावून त्यावर हे घर उभे केले आहे.

आमची मुलगी झाली तेव्हा मी सांगायचे ठरवले होते. दवाखान्याच्या खाटेवर बाळ कुशीत घेऊन रत्ना पडली होती. मी 'रत्ना, मला तुला' एवढे म्हणालो आणि ती आपणहून म्हणाली, "तो दगड लागला नसता तर तुम्ही मला भेटला असता का हो? मला कधी कधी सिंधूच्या पाया पडावंसं वाटतं." मी पुढचे वाक्य गिळले. तिने त्या दगडाला आमच्या सुखाचा पाया मानले होते. पाया उकरायचा तर ते घर आत राहणाऱ्यांच्या अंगावर येते. असा विचार मी तेव्हा केला, आणि तो विचार मला फार उदात्त वाटला. खरे म्हणजे मी भित्रा होतो.

यंदाच्या वैशाखात वारा नेहमीपेक्षा दांडगा होता. गेल्या हिवाळ्यात सिंधू सुरत सोडून धुळ्याला मुलाकडे राहायला आल्याचे रत्नाला कळले होते. तिने फोन केले, निरोप धाडले. सिंधू येईना. शेवटी आखाजीच्या आधी रत्ना एकटी एस.टी.ने जळगावहून धुळ्याला गेली आणि तिच्या दारात जाऊन बसली. "पाणी बी पिणार नाही, तू चल म्हणाल्याशिवाय," असे सांगून. सिंधूच्या सुनेने मला पुढे सांगितले, की तिने पुढे केलेला पाण्याचा तांब्या रत्नाने तसाच परत केला. मग सिंधू उठली आणि तिने पिशवीत एक लुगडे कोंबले.

आखाजीला नानांच्या घरी आम्ही सगळे जमलो. नाना आता थकले आहेत, पण जीभ शाबूत आहे. ओसरीवर आंब्यांची पाटी ठेवून रस काढणे चालले होते. मी बाठी वेगळ्या करत होतो. नाना म्हणाले, "पाव्हना, दवाखानामा गोळ्या मोजतस तसा आंबा मोजू नका. हाताले जोर लावा!" सगळे हसले. तेवढ्यात फाटकाशी रत्ना आणि सिंधू आल्या.

मी सिंधूला इतक्या वर्षांनी समोर पाहत होतो. केस पिकलेले, खांदे पुढे आलेले. ती पायरीशीच थांबली. रत्नाने तिची भीड मोडावी म्हणून जुन्या पट्टीत आवाज लावला, "आय वं पल्याडनी! म्हतारी झायी का? वर चढ ना आते!"

सिंधू हसली नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत, अंगणातल्या तापलेल्या फरशीवर, रत्नाच्या पायांशी डोके टेकले. "रत्ना, मी तुना डोया लिधा. माले माफ कर, बहीण. मी पायले मारेल व्हता असं माले तवय वाटनं, पण मनी नजर चुकनी व्हई. मनी नजर चुकनी."

रत्ना तिला खांद्यांना धरून उठवू पाहत होती. "अगं ऊठ, काय करतेस हे, ऊठ!" सिंधू उठेना. नाना डोळे पुसत होते. नानांची सून रसाचे भांडे तसेच धरून उभी होती. सिंधूच्या पाठीवर ऊन पडले होते. त्याच पाठीवर पडलेले फटके मी भिंतीपलीकडून ऐकले होते.

मी उठलो. हात आंब्याने भरले होते. माझा आवाज मी कधी चढवला नव्हता. आता निघाला तो मला अनोळखी वाटला.

"सिंधूताई, उठा. तुमची नजर चुकली नव्हती. तुमचा दगड पायाशीच पडला होता. तिच्या डोळ्याला लागला तो दगड माझा होता. मी दवाखान्याच्या कुंपणापासून मारला."

नानांना वाटले मला ऊन लागले. ते म्हणाले, "पाव्हना, बसा, पाणी प्या." रत्ना मात्र वळली. ती नेहमी वळते तशी, पूर्ण मान फिरवून, उजव्या डोळ्याने मला नीट पाहता यावे म्हणून.

"चुकून लागला ना?" तिने विचारले. तिच्या स्वरात मला वाट करून दिलेली होती. त्या वाटेने निघून जाणे सोपे होते.

"नाही," मी म्हणालो. "तू मला हसलीस, त्याचा राग आला. मी तोंडाचा नेम धरला."

 रत्नाचा हात सिंधूच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. मी पायऱ्या उतरून अंगणात आलो आणि त्या दोघींसमोर फरशीवर बसलो.

"सिंधूताई, त्या रात्री तुमच्या घरात तुम्हाला मारत होते तेव्हा मी भिंतीपलीकडे जागा होतो. मला सगळे ऐकू येत होते. मी दार उघडले नाही. तुमचे लग्न मोडले, तुमचे गाव सुटले, ते माझ्यामुळे. रत्ना, तुझा डोळा मी घेतला, आणि तो घेऊन वर तुझ्या माहेराकडून देवमाणूस म्हणवून घेतले. मला काही परत देता येणार नाही. तुम्ही दोघींनी मला क्षमा करावी असे मागण्याचे तोंडही मला नाही. पण हे मी केले. माझे चुकले. सिंधूताई, माझे चुकले. रत्ना, माझे चुकले."